नमस्कारातले एकवीस बाइट

जावास्क्रिप्टमध्ये वेब सर्व्हर लिहायचा म्हटले की बहुतेक जण आधी एक्सप्रेस ही तयार चौकट (फ्रेमवर्क) बसवतात. त्यात गैर काही नाही. पण पहिला सर्व्हर तरी नोडसोबत (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीसोबत) येणाऱ्या एचटीटीपी मॉड्यूलवरच लिहावा, असे माझे मत आहे, कारण एक्सप्रेस ज्या गोष्टी परस्पर उरकते त्या तिथे स्वतः कराव्या लागतात आणि म्हणूनच कळतात.

एकूण काम सात-आठ ओळींचे असते. मॉड्यूल आणायचे, क्रिएटसर्व्हरला एक फंक्शन द्यायचे आणि लिसनला ३०००सारखा पोर्ट, म्हणजे सर्व्हरने ज्यावर मागण्या ऐकायच्या तो क्रमांक, सांगायचा. युनिक्स प्रणालींवर १०२४च्या खालचे पोर्ट सहसा विशेष अधिकाराशिवाय मिळत नाहीत, म्हणून सरावासाठी वरचाच क्रमांक घेतात. त्या फंक्शनच्या हाती दोन वस्तू येतात, रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स. रिस्पॉन्सवर एंड म्हणायचे राहिले तर कुठलीही त्रुटी दिसत नाही, नुसते ब्राउझरमधले चक्र फिरत राहते. पान एकदाच उघडूनही कन्सोलवर दोन नोंदी उमटल्या तर गोंधळू नये. दुसरी मागणी बहुधा फेविकॉनची, म्हणजे टॅबवरच्या छोट्या चित्राची, असते आणि ती ब्राउझर आपणहून करतो.

माझी खरी फजिती मराठी मजकुराने केली. उत्तरात मी फक्त ‘नमस्कार’ पाठवला होता. मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणाऱ्या कंटेंट-टाइप या शीर्षकात (हेडरमध्ये) यूटीएफ-८ ही अक्षरे बाइटमध्ये मांडायची पद्धत लिहिली नव्हती, त्यामुळे ब्राउझरने अंदाज बांधला, तो चुकला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन अनोळखी चिन्हे आली. ते दुरुस्त केल्यावर मी अधिक काटेकोरपणा दाखवायला गेलो आणि उत्तराची लांबी सांगणारे कंटेंट-लेंग्थचे शीर्षकही हाताने भरले, त्यात स्ट्रिंगची (मजकुराची) लेंग्थ घातली. पडद्यावर ‘नम’ एवढेच आले आणि त्यापुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह.

कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला. जावास्क्रिप्टच्या लेखी ‘नमस्कार’ची लांबी ७ आहे: न, म, स, हलन्त, क, काना आणि र. एचटीटीपीला मात्र लांबी बाइटमध्ये हवी असते, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी कानासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे पाठवायचे होते २१ बाइट आणि ब्राउझरला मी सांगितले होते ७. त्याने इमानाने तेवढेच वाचले, त्यांत दोन अक्षरे पूर्ण झाली आणि ‘स’चा एक बाइट लटकत राहिला. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली असती तर ही चूक कधीच दिसली नसती, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट लागतो.

उपाय म्हणजे लांबी नोडमधल्या बफरच्या बाइटलेंग्थ या फंक्शनने मोजणे. त्याहून बरा उपाय म्हणजे ते शीर्षक न भरणे: सेटहेडरने कंटेंट-टाइप सांगून सगळा मजकूर एकदाच एंडमध्ये दिला, तर नोड ती लांबी स्वतः मोजते, तीही बाइटमध्ये.