बागेची नोंदवही: धामणीची कात आणि मातीची गाडगी

विषारी गोळ्या आणि फवारणी बंद करून आठ महिने झाले. या महिन्यातली सगळ्यात मोठी नोंद म्हणजे दगडांच्या ढिगात धामणीची अख्खी कात मिळाली. पसरून मोजली तर पाच फुटांच्या वर भरली. निघताना कात ताणली जाते, म्हणजे धामण त्याहून थोडी आखूडच असणार. डोक्याकडचा भाग शाबूत होता आणि डोळ्यांच्या जागी दोन इवल्याशा पारदर्शक चकत्या होत्या. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरचं हे खवलं कातीबरोबरच निघून येतं. कितीतरी वेळ मी ती कात उजेडात धरून पाहत बसले.

धामण बिनविषारी असते आणि घुबड-मांजराला जमत नाही ते करते, थेट बिळात शिरते. उंदरांची मोजणी मी अशी करते: संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची आणि सकाळी किती पुन्हा उकरलीत ते पाहायचं. सुरुवातीला अकरा होती, या आठवड्यात तीन. यात घुबडाचा वाटा किती आणि धामणीचा किती, हे सांगता यायचं नाही. पण गोळ्या चालू असत्या तर विष खाल्लेला उंदीर गिळून दोघांच्याही जिवावर बेतलं असतं.

आता टोमॅटो. मांडवाच्या बांबूवर कुंभारमाशीने चार गाडगी केली आहेत, प्रत्येक जेमतेम बोराएवढं, वर बाहेर वळलेला नाजूक काठ. एका दुपारी तिने सात अळ्या आणून आत कोंबल्या, मग मातीने तोंड लिंपलं. बांबू हलवताना एक गाडगं फुटलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. आतल्या हिरव्या अळ्या अजून किंचित वळवळत होत्या. डंखाने त्या नुसत्या लुळ्या पडतात, मरत नाहीत, म्हणून माशीच्या पिल्लाला शेवटपर्यंत ताजं खाणं मिळतं. ही माशी एकटी राहते, गांधीलमाश्यांसारखी झुंडीने अंगावर येत नाही. यंदा पोखरलेले टोमॅटो मागच्यापेक्षा खूपच कमी आहेत.

वटवाघळं रोज अंधार पडता पडता मांडवावरून घिरट्या घालतात. टोमॅटो पोखरणाऱ्या अळ्यांचे पतंग रात्रीच उडतात आणि वटवाघळं ते टिपतात, त्यामुळे त्यांना अंधार मिळावा म्हणून अंगणातला दिवा मी आता लवकर मालवते.

एक मात्र कळकळीने सांगते. धामण समजून कुठल्याही सापाजवळ जाऊ नका, नाग आणि धामण ओळखण्यात भलेभले चुकतात. पायवाटेवरचं गवत मी आखूड ठेवते, गमबूट घातल्याशिवाय ढिगाकडे जात नाही आणि दगड हाताने उचलत नाही. घराला लागून असलेला लाकडांचा ढीग पुढच्या महिन्यात कुंपणाच्या टोकाला हलवायचा आहे. दगडांचा ढीग आहे तिथेच राहील.