कानशीने मोडलेली रांग

लोखंड आणि कोबाल्ट, निम्मं निम्मं. आर्क भट्टीत वितळवलेलं ते बटण (बटणाच्या आकाराचा धातूचा गोळा) मी तीन दिवस ६००° सेल्सिअसला ठेवलं आणि अगदी सावकाश थंड केलं. साधारण ७३०° च्या खाली या मिश्रधातूतले अणू शिस्तीत बसतात: घनाच्या कोपऱ्यांवर लोखंड, मध्यभागी कोबाल्ट. ते तसे बसलेत, एवढंच मला दाखवायचं होतं.

एक्स-रेला हे दिसणं फार अवघड. लोखंडात २६ इलेक्ट्रॉन, कोबाल्टमध्ये २७. किरण अणूंच्या थरांवरून विखुरले की आलेखावर टोकं उमटतात, त्यांना पीक (peak) म्हणतात. अणूंचा क्रम दाखवणारं (१००) नावाचं पीक या एकाच्या फरकावर उभं असतं, म्हणजे मुख्य पीकच्या मानाने हजारात एकाहूनही कमी. त्यातून आमच्या यंत्रातल्या तांब्याच्या किरणांनी लोखंड आणि कोबाल्ट स्वतःच एक्स-रे सोडू लागतात आणि मागचा गोंगाट वाढतो. न्यूट्रॉनचं तसं नाही. तो अणुकेंद्रकावरून विखुरतो, आणि तिथे विखुरण्याची ताकद सांगणारा लोखंडाचा आकडा ९.४५ फेम्टोमीटर, तर कोबाल्टचा २.४९. शल आणि सीगल या शास्त्रज्ञांनी १९४९ साली हाच मिश्रधातू न्यूट्रॉनने तपासला होता. म्हणून मी मुंबईत ट्रॉम्बेला, जिथे न्यूट्रॉन मिळतात त्या ध्रुव अणुभट्टीवर गेले.

भुकटी व्हॅनेडियमच्या डबीत भरली (न्यूट्रॉनच्या आलेखात व्हॅनेडियमची स्वतःची पीक जवळजवळ दिसत नाहीत), रात्रभर मोजणी लावली. सकाळी पाहिलं तर (१००) च्या जागी एक बसका, पसरट उंचवटा. पोटात खड्डा पडला. भट्टीचं तापमान चुकलं का, वजनं चुकली का, मी वहीची पानं उलटत बसले.

तिथल्या एका ज्येष्ठ सरांनी आलेखाकडे थोडा वेळ बघून विचारलं, "भुकटी कशी केलीस?"

"कानशीने, सर."

"आणि नंतर तापवलीस का?"

नव्हती तापवली. मुख्य पीकही रुंद झालेत, हे तेव्हा कुठे माझ्या नजरेत भरलं. कानशीच्या प्रत्येक दाताखाली धातू चिरडतो, अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि लोखंडाशेजारी लोखंड येऊन बसतं. तीन दिवसांत भट्टीने लावलेली रांग मी दुपारभरात हाताने मोडली होती. बटणातली रचना खरी होती, डबीतली वेगळीच होती.

तीच भुकटी निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून ५५०° ला ठेवली, हळू थंड केली आणि यंत्रावर मोजणीची पुढची वेळ मिळाली तेव्हा परत गेले. या वेळी पडद्यासमोरून हलले नाही. पहिल्या तासाभरातच (१००) डोकं वर काढू लागलं. रात्री उशिरापर्यंत ते मुख्य पीकच्या शेजारी ताठ, अरुंद उभं होतं. डोळे भरून आले माझे.

खरं काम त्यानंतर होतं. न्यूट्रॉन चुंबकत्वामुळेही विखुरतो. लोखंड आणि कोबाल्ट दोन्ही चुंबकीय, आणि त्यांचे चुंबकीय आघूर्ण (प्रत्येक अणूच्या चुंबकत्वाची ताकद) सारखे नाहीत, म्हणून त्या पीकमध्ये चुंबकत्वाचाही वाटा असतो. तो वेगळा काढून किती अणू खरोखर आपापल्या जागी आहेत हे ठरवण्यात पुढचे कित्येक दिवस गेले.