थेंब खाली, गळती वर

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी एक डाग दिसतो. बोट टेकवलं की बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर येतो. एसीचं पाणी असतं तर बोट नुसतं ओलं झालं असतं, तेल असतं तर काळं. हे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. (वासावर थांबावं, चवीपर्यंत जाऊ नये. यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात म्हणून डाग लगेच धुऊन टाकलेला बरा.)

पाझरणं, झिरपणं, ठिबकणं, गळणं, वाहणं. जुन्या गाडीच्या हीटरची नळी हे सगळे शब्द ओळीने करून दाखवते. आधी क्लिपच्या कडेला पांढरट-हिरवट खार धरतो. कूलंट बाहेर येऊन वाळल्याची ती खूण. मग थेंब, मग डाग, आणि शेवटी एखाद्या चढावर बॉनेटमधून वाफ. खार दिसला त्याच दिवशी हात घातला तर काम दोन तासांचं असतं.

‘हीटर कधी लावतच नाही, मग त्याची नळी कशी फुटेल?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण नळीला त्याची फिकीर नसते. एक नळी इंजिनाच्या हेडकडून गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरपर्यंत (आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) नेते, दुसरी ते वॉटर पंपाकडे परत आणते. बऱ्याच गाड्यांत हीटरचं बटण फक्त हवेची झडप हलवतं, कूलंट बारा महिने फिरतच राहतं. जिथे मधे व्हॉल्व्ह आहे तिथेही तो प्रवाह अडवतो. दाब तसाच राहतो.

गळती शोधताना सगळ्यात जास्त फसवतो तो थेंब. तो जिथे पडतो तिथे गळती क्वचितच असते. वरच्या जोडातून निघालेलं कूलंट नळीच्या पोटावरून सरकत सगळ्यात खालच्या वळणाशी येतं आणि तिथून सुटतं, आणि बिचारं ते वळण बदनाम होतं. गार इंजिनावर सगळे जोड पुसून कोरडे करावेत, प्रत्येकाला टिश्यू पेपर गुंडाळावा, गाडी तापू द्यावी आणि गार झाल्यावर कुठला कागद भिजला ते पाहावं. फक्त गार असतानाच गळत असेल तर बहुधा क्लिपचा दोष. वर्षानुवर्षं आवळलेलं रबर चपटं होऊन बसतं, थंडीत आणखी आक्रसतं, आणि स्क्रूची क्लिप काही त्याच्यामागे जात नाही. आत पायाखालचा गालिचा ओला, काचेवर ओशट धुकं, असं असेल तर नळीला दोष देऊ नये. हीटर कोअर गेला आहे, आणि ते काम वेगळं.

नळी वरून ठणठणीत दिसते यावरही जाऊ नये. हे रबर बाहेरून कमी आणि आतून जास्त म्हातारं होतं. धातूची तोटी (नळी जिच्यावर चढवलेली असते ती), रबरातला कार्बन आणि मधे कूलंट मिळून एक बारीकशी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यामुळे टोकांच्या जवळ आतल्या बाजूने लांबट चिरा पडतात. म्हणून इंजिन गार असताना नळी आधी मधोमध चिमटीत दाबावी, मग टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवर. टोकाकडे पोचट लागली किंवा आत करकर जाणवली, तर ती गेली. इंजिन ऑइल पडून फुगलेली नळीही तशीच बाद.

कूलंटचं झाकण फक्त गार इंजिनावरच उघडायचं. झाकण सुमारे एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं कूलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून हातावर येतं. गार झाल्यावर रेडिएटरच्या खालच्या नळातून दोन-तीन लिटर स्वच्छ भांड्यात काढलं की पातळी बहुतेक वेळा नळीच्या खाली जाते.

आता खरी परीक्षा. क्लिप सोडवली तरी जुनी नळी तोटीला घट्ट चिकटलेली असते आणि हात आपोआप पिळायला, हिसका द्यायला जातो. तिथेच घात होतो. हीटर कोअरची तोटी पातळ पत्र्याची असते. ती वाकली किंवा तिचा टाका सुटला, की अर्ध्या हातभर रबरासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायची पाळी येते. जुनी नळी टाकायचीच आहे, मग तिच्यावर दया कशाला? ब्लेडने लांबीत चीर द्यावी आणि केळ्याच्या सालीसारखी सोलून काढावी. ब्लेड धातूवर ओरखडा काढणार नाही इतकंच बळ. मग तोटीवरचा खार बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवून काढावा. उभ्या रेघा पडल्या तर त्याच उद्याच्या गळतीच्या वाटा.

नवी नळी आतल्या व्यासाने निवडायची. बहुतेक ठिकाणी १६ किंवा १९ मिलिमीटर. १९ ची नळी १६ च्या तोटीवर क्लिप आवळून बसवू नये, रबराला घडी पडते आणि घडीतून गळतं. पेट्रोलची नळी किंवा बागेतला पाइप इथे चालत नाही. वळण तीव्र असेल तर साच्यातली वाकडी नळीच घ्यावी, सरळ नळी तिथे मुडपते. बसवताना आत थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावावं. ग्रीस किंवा तेल लावलं तर हेच रबर फुगतं. क्लिप आधी नळीवर सरकवून ठेवावी (हे विसरतंच), नळी तोटीवर अडीच-तीन सेंटिमीटर चढवावी, आणि क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे, टोकापासून पाच-सहा मिलिमीटर आत बसवावी. उंचवट्यावर बसलेली क्लिप घसरते. रबर पट्टीच्या खाचांतून वर यायला लागलं म्हणजे जास्त आवळलं. स्प्रिंगची क्लिप असेल आणि तिचा ताण शाबूत असेल, तर तीच परत लावलेली चांगली. रबर आक्रसलं की ती आपणहून आवळते. दुसरी नळीही त्याच वयाची असते. कूलंट काढलंच आहे, तर तीही बदलून घ्यावी.

भरताना घाई केली की आत हवा अडकते. हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं तोंड जरा वर, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा, आणि धार बारीक. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय कूलंट आलं की तो बंद करावा. मग झाकण लावून इंजिन तापू द्यावं. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो, कूलंट रेडिएटरमध्ये शिरतं आणि वरची मोठी नळी एकदम गरम होते. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली किंवा हीटरमधून गार वारा येत राहिला, तर हवा अजून आत आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं, पातळी पाहून भर घालावी, पुन्हा तापवावं. हे दोन-तीनदा करावं लागतं. त्या रात्री गाडीखाली एक कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि सकाळी टॉर्च घेऊन पुठ्ठ्याआधी वरचे जोड बघावेत.