ब्राउझरचा आवाज कुठे जात होता?

आजचा जवळजवळ संपूर्ण दिवस ब्राउझरचा वारंवार गायब होणारा आवाज शोधण्यात गेला, पण कारण हाती लागल्याचे समाधान मोठे आहे. संगणकावर साठवलेली गाणी व्यवस्थित ऐकू येत होती, म्हणजे स्पीकर आणि ड्रायव्हर (ध्वनी यंत्रणा चालवणारे सॉफ्टवेअर) दोन्ही ठीक होते. शांतता होती ती फक्त ब्राउझरमध्ये. टॅबवर मात्र स्पीकरचे छोटे चिन्ह दिसत होते आणि त्यावर काट मारलेली नव्हती, याचा अर्थ ब्राउझर आवाज तयार करत होता, तो आपल्यापर्यंत पोहोचत नव्हता. तपासात हा धागा मला सर्वांत मोलाचा वाटला.

विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी आवाजाची पातळी आणि आउटपुट, म्हणजे आवाज कोणत्या उपकरणातून यावा ते, वेगवेगळे ठरवता येते, आणि ती निवड लक्षात ठेवली जाते. तिथे ब्राउझरसमोर एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरचे नाव होते, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! मॉनिटर झोपून पुन्हा जागा झाला की ते आउटपुट यादीत परत येई आणि ब्राउझरचा आवाज तिकडे वळे. म्हणूनच हा बिघाड अधूनमधून होतो असे वाटत होते. ब्राउझरचे आउटपुट ‘डिफॉल्ट’वर आणले, साउंड सेटिंगमधून मॉनिटरचे ऑडिओ उपकरण बंद केले आणि ब्राउझर पुन्हा सुरू केला. त्यानंतर मॉनिटर मुद्दाम अनेकदा बंद-चालू करून पाहिला, तरी आवाज टिकून आहे. ज्यांना हाच त्रास होत असेल त्यांनी ब्राउझर काढून पुन्हा टाकण्याच्या खटाटोपात पडण्यापूर्वी मिक्सर जरूर उघडून पाहावा.