कार्ड आलं!

आज सकाळी डब्लिनच्या घरी पाकीट आलं. आत माझं रहिवासाचं कार्ड, पाच वर्षांचं. दारातच उभी राहून फोडलं, हात थरथरत होते.

नवरा म्हापशाचा. सासरे १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, म्हणून ह्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. मी सावंतवाडीची, पासपोर्ट भारतीय. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार तिथला नागरिक दुसऱ्या सदस्य देशात कामाला गेला, की जोडीदारालाही सोबत राहण्याचा आणि नोकरीचा हक्क असतो. मग तो जोडीदार कुठल्याही देशाचा असो. कार्ड हा त्या हक्काचा फक्त पुरावा, आणि अर्जापासून सहा महिन्यांत ते द्यायचं असतं. हे सगळं मला आता पाठ आहे. कारण एका ठिकाणी नोकरी ठरूनही ‘आधी कार्ड आणा’ म्हणाले. कार्डासाठी हक्क अडवता येत नाही, हे सांगणाऱ्या कलम २५ ची छापील प्रत पुढे ठेवली, तरी नाहीच. त्या रात्री खूप रडले.

एक गोष्ट मात्र खटकते. शेजारीण आयरिश, नवरा ब्राझीलचा. ती कधी देशाबाहेर राहिलीच नाही, म्हणून हा नियम तिला लागू नाही. बाहेरून आलेल्या आम्हाला जो हक्क, तो तिला स्वतःच्या देशात नाही! हे मला अजिबात पटत नाही.

मैत्रिणींनो, येताना विवाहनोंदणीचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत आणा. अर्जाची पोच जिवापाड जपा.

आईला व्हिडिओ कॉलवर कार्ड दाखवलं. तिने आधी फोटोच बघितला. ‘किती वाळलीस गं,’ म्हणाली.