लेव्हलला टाकलेला पाईप

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात, राजहंसगडाच्या पायथ्याला आमचा मळा. मोटारीचं पाणी हौदात पडतं आणि तिथून सहा इंची पीव्हीसी पाईपनं शंभर फुटांवरच्या कोबीला जातं. पाईप टाकताना मिस्त्री म्हणाला होता, "बघा की मालक, सुतभर इकडं-तिकडं न्हाई." खरंच तो अगदी लेव्हलला होता.

महिन्याभरात हौद काठावरून सांडायला लागला. पाईप लहान पडतोय असं वाटून मी आठ इंचीचा भाव काढून आलो. वडील एवढंच म्हणाले, "पाट असता तर असा सपाट काढला असतास काय?"

तिथं डोक्यात उजेड पडला. शेवटच्या तोंडाशी २०० लिटरचं बॅरल धरलं, ते २५ सेकंदांत भरलं. म्हणजे सेकंदाला आठ लिटर. तिथं पट्टी लावली तर पाईपात पाणी जेमतेम अडीच इंच. हौदात वाकून बघितलं तर त्या टोकाला पाईप जवळजवळ काठोकाठ भरलेला आणि तळाला बोटभर गाळ. पाईपाला उतार नव्हता, म्हणून पाण्यानं स्वतःच्याच पाठीवर उतार करून घेतला होता. हौदाकडं पाणी खोल, म्हणून संथ. जिथं संथ तिथं गाळ बसणारच.

आतेभाऊ सिव्हिल इंजिनिअर. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्यानं १८८९ मध्ये मांडलेल्या, वाहत्या पाण्याचा वेग काढायच्या सूत्रावरून त्यानं हिशेब करून दिला: दोनशे फुटाला एक फूट उतार पुरे, म्हणजे आम्हाला सहा इंच. त्यात पाईप निम्म्याहून किंचित जास्त भरून वाहील आणि वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या वर राहील. बारीक वाळू तळाला बसू नये म्हणून ०.६ मीटर तरी वेग लागतो. उतार तोच असला की निम्मा भरलेला आणि पूर्ण भरलेला पाईप सारख्याच वेगानं वाहतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी निम्मं होतं तसा पाण्याला घासणारा पाईपाचा भागही निम्माच होतो.

मग चर उकरून पाईप वर काढला. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं लेव्हल घेत दर दहा फुटांवर खुंटी ठोकली, प्रत्येक खुंटी आधीच्या खुंटीपेक्षा अर्ध्या इंचाहून थोडी जास्त खाली. दोन दिवस गेले. दोन्ही टोकांजवळ झाकणाचे टी, म्हणजे वर तोंड असलेले जोड, बसवले. आता मोटार चालू असताना झाकण काढलं की दोन्हीकडं पाणी सव्वातीन इंचांच्या आसपास दिसतं. मधल्या एका जॉइंटला पाईप किंचित खचलाय, तिथं अजून थोडा गाळ राहतो. तेवढा तुकडा कोबी निघाल्यावर उचलणार.