सत्ताविसाव्या वर्षी नागीण

मे महिन्यातली गोष्ट. फुटबॉलचा सीझन संपत आलेला, सकाळी गांधी मैदानावर प्रॅक्टिस आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यात महिनाभर नाईट. झोप म्हणजे दुपारचे तीन-चार तास, तेही पत्र्याच्या खोलीत. त्यामुळे डाव्या बरगडीत दुखायला लागलं तेव्हा वाटलं, कुणाचं तरी कोपर बसलं असणार.

पण मुक्या मारासारखं ते दुखणं नव्हतं. आतून तापलेली सुई कुणीतरी पाठीकडून पुढं ओढत आणतंय असं वाटायचं. मधेच थांबायचं, मग टी-शर्ट नुसता घासला तरी चर्रर्र व्हायचं. मी बाम चोळला. दोन दिवस इमानेइतबारे चोळला.

गुरुवारी अंघोळ झाल्यावर टॉवेल लावला आणि ओरडलोच. दादानं मागून बघितलं, "अरे, भाजलंय का काय तुला?" पाठीवर मणक्याच्या डावीकडं एक लाल चट्टा, बगलेखाली दुसरा आणि छातीखाली एक लहानसा. चट्ट्यांवर भिजलेल्या साबुदाण्याएवढे पाणीदार फोड, घोसानं. दोष अर्थातच बामाला दिला.

आज्जीनं चष्मा चढवला, माझं अंग उजेडाकडं वळवलं आणि म्हणाली, "नागीण हाय ही. तोंड आन् शेपूट मिळायच्या आत उतरवून आणा." तिच्या माहेरी कागलकडं एकजण काव लावून मंत्र म्हणतो. दोन्ही टोकं जुळली की माणूस खलास, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मी हसलो खरा, पण आरशात दोन टोकांमधलं अंतर मोजूनही बघितलं.

शुक्रवारी संध्याकाळी राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी अर्ध्या मिनिटात निदान केलं आणि एकच प्रश्न दोनदा विचारला, "फोड कधी दिसले?" यावरची गोळी फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. माझे साधारण ३६ तास झाले होते. शुक्रवारीही बामावर भागवलं असतं तर शनिवार-रविवारात बाकीचेही गेले असते.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागं मणका काढला, त्यातून डावीकडं एक फांदी. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत दबा धरून बसतो. जागरण, ताण, वय, कशानं तरी प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या नसेतून बाहेर येतो. म्हणून आधी दुखतं, फोड मागनं येतात. आणि नस एका बाजूचीच असते, त्यामुळं पट्टा मधली रेष सहसा ओलांडत नाही. "तोंड-शेपूट जुळत नाही, आज्जींना सांगा," असं तेच म्हणाले. रोज कुणीतरी विचारत असणार.

वय कमी म्हणून साखर आणि एचआयव्ही बघून घेऊ म्हणाले. तरुण माणसाला बहुतेकदा विशेष कारण नसतानाच होतं, तरी एकदा तपासलेलं बरं, एवढं शांतपणे सांगितलं. तरीही रिपोर्ट येईपर्यंतची संध्याकाळ रंकाळ्यावर फेऱ्या मारण्यात गेली. दोन्ही ठीक आले. त्यात चिठ्ठीवर "हर्पिस झोस्टर" लिहिलेलं. औषधाच्या दुकानातला आमच्या पेठेतला पोरगा हळूच म्हणाला, "भावा, काय उद्योग केलास?" घराणं एक असलं तरी गुप्तरोगातला तो हर्पिस वेगळा, हे त्याला काउंटरवरच समजावलं, मागं गिऱ्हाइकं उभी असताना.

असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातनं पाच वेळा, सात दिवस. पस्तीस गोळ्या. सहा, दहा, दोन, सहा, दहा असे मोबाईलला गजर लावले. पाणी भरपूर प्यायचं, फोड फोडायचे नाहीत, वरनं कॅलामाइन. अंगावर बाबांची जुनी सैल बंडी, कारण दुसरं काही सहनच होत नव्हतं.

खरी धावपळ वहिनीची झाली. तिला पाचवा महिना. माझ्या फोडांतल्या पाण्यातनं कांजण्या न झालेल्या माणसाला कांजण्या होऊ शकतात, आणि गरोदर बाईला ते जास्त जड जातं. तिच्या आईला फोन लावला तर त्यांना आठवेना, गोवर आलेला की कांजण्या. शेवटी वहिनीच्या मावशीनं खात्रीनं कांजण्या सांगितल्या, तेव्हा दादाचा चेहरा सुटला. तरी खपल्या धरेपर्यंत मी वरच्या खोलीत, ताट-टॉवेल वेगळं.

माझं सौम्यच म्हणायचं. चौथ्या दिवसापासून नवीन फोड आले नाहीत, दहाव्या दिवशी सगळं वाळलं. दुखणं पॅरासिटामॉलवर निभावलं. साठीच्या पुढं हे फोड बरे झाल्यावरही महिनोन्‌महिने दुखत राहू शकतं, म्हणून पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसची लस असते, ती बाबांसाठी डॉक्टरांनी आपणहून सुचवली. आणि फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडं पळायचं, हेही बजावलं.

आज्जीला मी कांजण्यांची भानगड सांगितली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिसरीत असताना मला कांजण्या आल्या, तेव्हा तिनंच माझ्या उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवलेला. तिच्या लेखी ती देवी. हात थांबवून म्हणाली, "म्हंजे तवाची देवी गेलीच न्हाई? अठरा वर्सं तुझ्यातच बसल्या?"

"मणक्याजवळ."

"मग तिचं पाणी ऱ्हायलंय."

कागलचा विषय त्या मिनिटाला संपला. आषाढातल्या शुक्रवारी देवीला घालायला पंचगंगेच्या पाण्याची घागर घेऊन मी टेंबलाईच्या टेकडीवर होतो, पुढं पी-ढबाक वाजतंय, मागं आज्जी. घागर उजव्या खांद्यावर घेतलेली. डावीकडचा तपकिरी पट्टा घाम आला की अजून चुणचुणायचा.